बानाबाईची आठ किलोची होडी

वाळूजच्या ज्या शेडमध्ये मी अकरा वर्षं फायबरचं काम केलं, तिथं बानाबाई पहिल्या दिवशी आली तेव्हा हजेरीवाल्यानं वहीत तिचं नाव 'बानू' असं लिहिलं. अठरा-एकोणीस वर्षांची पोरगी, तिला कुठं बानाबाई म्हणायचं, असं त्याला वाटलं असणार. तिनं वाकून वही बघितली आणि म्हणाली, "पुरं लिहा. बानाबाई मुंजाबा. आजीचं नाव हाय, अर्धं करू नका."

मी शेजारीच हातमोजे चढवत होते. मनात म्हटलं, रत्नमाला, ही पोरगी एक तर आठ दिवसांत जाईल, नाहीतर सगळ्यांना पुरून उरेल.

ते २०१६ सालचे उन्हाळ्याचे दिवस. लातूरला रेल्वेनं पाणी चाललं होतं. एरवी आमच्या शेडमध्ये बसचे बंपर आणि सोसायट्यांच्या गेटवरच्या वॉचमनच्या केबिनी बनायच्या. त्या वर्षी टाक्यांशिवाय काही नाही. साच्यावर मेण लावायचं, काचेच्या धाग्यांची मॅट अंथरायची, रेझिनमध्ये हार्डनर मिसळून ब्रशनं थापायचं आणि रोलर फिरवून आतली हवा काढायची. रेझिन कमी पडलं तर धागा कोरडा राहतो; जास्त झालं तर माल जड होतो आणि ठिसूळही. हा अंदाज यायला मला दोन वर्षं लागली होती. बानाला दोन महिने लागले. तिच्या हातचं झाकण वजनाला हलकं भरायचं आणि वर दोन माणसं उभी राहिली तरी कुरकुरायचं नाही.

ती माझ्याच खोलीत राहायला आली, बजाजनगरात. हळूहळू तिची हकिकत कळली. गाव फुलंब्री तालुक्यातलं, घर मेंढपाळाचं. २०१२-१३ च्या दुष्काळात गावाकडं चारा उरला नाही, तेव्हा तिचे वडील मुंजाबा मेंढरं घेऊन जायकवाडीच्या फुगवट्यावर उतरले. धरणाचं पाणी मागं हटत होतं आणि उघड्या पडलेल्या गाळावर थोडंफार हिरवं उगवत होतं. बाना तेव्हा पंधरा वर्षांची. तिथं पुंजाराम नावाचा एक म्हातारा भोई मासे धरायचा. थर्माकोलचे ठोकळे प्लॅस्टिकच्या पोत्यात शिवून केलेला त्याचा तराफा होता. त्याचा पाय मोडला आणि जाळी पाण्यातच राहिली. बाना पोहत जाऊन ती ओढून आणू लागली, मग तराफ्यावर बसून. गुडघे टेकायचे आणि फळीच्या एकाच वल्ह्यानं पाणी मागं सारायचं. वारा सुटला की तराफा गोल फिरायचा, तिनं तो सरळ ठेवायला शिकून घेतलं. एक अख्खा हंगाम तिनं म्हाताऱ्याची जाळी ओढली.

"आई ओरडायची," ती सांगायची. "धनगराची पोर मेंढरामागं असती, पाण्यात काय करती? मी म्हणायची, मेंढरं इथंवर पाण्यामागंच आली ना."

आमच्या गेटवर बिभीषणकाका नावाचे फौजेतून निवृत्त झालेले गृहस्थ चौकीदार होते. त्यांच्या केबिनीत त्यांचा तरुणपणीचा फोटो लावलेला होता. डोक्यावर हेल्मेट, चहूकडं पांढरा फेस आणि त्यात एका निमुळत्या होडीत गुडघ्यांवर बसलेले काका. बाना एकदा गेटपास घ्यायला गेली आणि तिथंच थांबली.

"काका, हे तुम्ही गुडघ्यांवर बसलाय?"

"व्हय. कॅनू म्हणत्यात तिला. फौजेत शिकलो."

"आणि वल्हं एकाच पात्याचं?"

"एकाच पात्याचं."

"मग हे मला येतंय."

काका हसले. "पोरी, हे तळ्यातलं काम नाय. उतारावरचं, खडकातलं पाणी असतंय. वरनं काठ्या लटकवलेल्या असत्यात, दोन काठ्यांचं एक दार. अशी वीस-बावीस दारं. काही प्रवाहासंगं पार करायची, काही उलटं वर चढून. काठीला धक्का लागला तर दोन सेकंद वाढत्यात. दार चुकलं तर पन्नास."

"मग तसलं पाणी दाखवा."

दुष्काळात खळाळतं पाणी कुठून दाखवणार? पण योग असा की वरच्या धरणांतून गोदावरीत पाणी सोडलं की गंगापूरच्या बाजूला एका जुन्या बंधाऱ्याखाली चार-पाच दिवस ते दगडांतून उसळत जायचं. काकांनी कुणा जुन्या सोबत्याकडून एक प्लॅस्टिकची होडी मिळवली. बावीस किलोची. बाना आणि मी दोघी मिळून ती काठापर्यंत न्यायचो आणि पोचेपर्यंत हात भरून यायचे. पहिल्या दिवशी बाना सात वेळा उलटली. सातव्या वेळी होडीतून बाहेर न पडता, पाण्याखालूनच वल्ह्याच्या रेट्यानं परत सरळ झाली आणि नाकातलं पाणी शिंकरत म्हणाली, "आता जमलं."

काठावर मोटारी टाकून बसलेले शेतकरी असायचे. आलेल्या पाण्यावर साऱ्यांचा डोळा. त्यातला एक जण तिच्यावर खेकसला, "आमच्या घशाला कोरड पडली आणि हिला खेळ सुचतोय!"

बाना होडी ओढत त्याच्यासमोर आली. "काका, मी हे पाणी पीत नाय, वरनं जाते. जेवढं आलं तेवढंच पुढं गेलं. थेंब कमी झाला असला तर सांगा."

 पुढच्या खेपेला तोच आम्हाला होडी उतरवायला हात देऊ लागला. पण ही गोष्ट तिला सगळीकडं ऐकायला मिळायची. शेडमध्ये, गल्लीत, गावाकडं. प्यायला पाणी नाही आणि होडी कशाला? ती प्रत्येकाला एकच विचारायची, "पाणी नाय म्हणून पोरानं पोहायला शिकायचंच नाय का?"

दोन वर्षं अशी गेली. पाणी आलं की नदीवर, नाहीतर हर्सूलच्या तलावात जे काही उरलं असेल त्यात. तलाव आटला तेव्हा ती खोलीत जमिनीवर गुडघे टेकून, दोन्ही टोकांना विटा बांधलेली काठी घेऊन हात चालवायची. २०१८ च्या पावसाळ्यानं पुन्हा दगा दिला. त्याच सुमाराला काकांनी तिला निवड चाचणीला नेलं, आणि वर आलेल्या पोरींपेक्षा ती पंधरा सेकंदांनी मागं पडली.

काका म्हणाले, "हात कमी नाय तुझा. रेडा घेऊन घोड्यांच्या शर्यतीत उतरलीस तू. आता हलकी होडी पाहिजे."

इथं तात्यासाहेब आले. बीड बायपासच्या अंगाला त्यांची जमीन होती. शहर वाढत वाढत तिथं पोचलं आणि ज्वारीच्या जागी प्लॉट उभे राहिले. त्यांनी जिल्ह्याची जलक्रीडा संघटना काढली होती आणि स्वतःच अध्यक्ष होते. माणूस वाईट नव्हता. पण बसस्टॉपचं बाकडं दिलं तरी त्यावर हातभर अक्षरात नाव लागायचं. ते म्हणाले, "होडी मी घेऊन देतो. माझ्या जिल्ह्याची पोरगी मागं का राहावी?"

नर्मदेकाठच्या एका जलक्रीडा केंद्रात जुन्या होड्या विकायला काढल्या होत्या. आम्ही तात्यासाहेबांच्या जीपनं निघालो. ते स्वतः, बिभीषणकाका, बाना, आणि पोरीसोबत एक बाई हवी म्हणून मी. केंद्राचे प्रमुख मोतीराम मूळचे जळगावकडचे, त्यामुळं बोलणं मराठीतच झालं. त्यांनी तीन होड्या काढून ठेवल्या होत्या.

एक प्लॅस्टिकची, फारशी न वापरलेली. दुसरी निळी, इतकी चकचकीत की तोंड दिसावं. तिसरी मागच्या मांडणीवर धुळीत पडलेली, पिवळट-काळी, नाक फुटलेलं आणि त्यावर ओबडधोबड ठिगळ. तात्यासाहेबांनी निळीवर हात ठेवला. "हीच. हिच्यावर नाव पण शोभून दिसंल."

"थांबा जरा," बाना म्हणाली.

तिनं पिशवीतून शेडमधला टांगायचा काटा काढला. मला तोवर माहीत नव्हतं की तिनं तो बरोबर घेतलाय. प्लॅस्टिकची तिनं मोजलीच नाही, "ही मला माहिती हाय." निळी भरली बारा किलो. मग तिनं एक नाणं घेतलं आणि निळीच्या बुडावर टोकाकडून मधे ठोकत गेली. टण, टण, टण. जिथं गुडघे टेकतात तिथं आली आणि आवाज बदलला. थप.

"ऐकलं? आतले थर सुटलेत. वरनं रंग मारलाय." तिनं अंगठ्यानं दाबलं. चकचकीत रंगाखाली बूड आत गेलं आणि परत वर आलं.

मोतीरामांनी स्वतः अंगठा लावून बघितला. त्यांनाही बहुतेक ठाऊक नव्हतं.

मग तिनं धुळीतली होडी बाहेर ओढली. ओल्या फडक्यानं पुसली. पिवळं केव्हलर आणि काळा कार्बन, अशा हलक्या पण चिवट धाग्यांची होती. आम्ही ते धागे कधी हाताळले नव्हते, पण थर कसा बसलाय हे आम्हाला कळतं. तिनं उन्हाकडं धरून आत डोकं घातलं. पिवळ्या भागातून उजेड सारखा झिरपत होता, कुठं कोरडा डाग नाही, कुठं रेझिनचं डबकं नाही. एक टोक तिनं माझ्या हातात दिलं, दुसरं स्वतः धरून पीळ दिला. होडी पिळली गेली नाही. नाणं सगळीकडं टणटणलं, फक्त नाकाशी आवाज बसला.

"साडेनऊ," तिनं काटा वाचला. "त्यातलं किलो-दीड किलो हे ठिगळच हाय. कुण्या शिकाऊ माणसानं रेझिनचा नुसता गोळा थापलाय. हे काढलं की होडी आठावर येती. नियमाला कमीत कमी आठ लागते."

"मला ह्यांच्यात बसू द्या," असं म्हणून तिनं दोन्ही होड्या संथ पाण्यात उतरवल्या. निळीत बसली तर होडी बुचासारखी वर तरंगायची. जड अंगाच्या पुरुषासाठी केलेली. बाना अठ्ठेचाळीस किलोची. तिनं कड दाबायचा प्रयत्न केला तरी कड पाण्याला लागेना. धुळीतलीच्या कडा पाण्याशी टेकल्या होत्या. तिनं कंबर नुसती हलवली आणि होडी जागच्या जागी फिरली. दोन वर्षांत मी तिच्या तोंडावर असं समाधान बघितलं नव्हतं.

"हीच," ती म्हणाली.

तात्यासाहेबांचा चेहरा पडला. "अगं, नाक फुटलेली होडी? ही घेऊन गेलो तर लोक म्हणतील तात्यासाहेबानं भंगार घेतलं."

"आमचा बाप म्हणतो, मेंढी घेताना लोकर बघू नये, पाठ चाचपावी. मी पाठ चाचपली."

"पैसे मी देतोय, बानाबाई."

"व्हय. पण दर दाराला वळवायची मला हाय. उलटं वर चढताना तिचं ओझं माझ्या खांद्यावर येणार, तुमच्या नाय."

"मग निळी घ्यायची असेल तर सांगा. नाहीतर मी काही देणार नाही."

मला वाटलं, ही आता नरमेल. मी तिचा हात दाबलाही. तिनं तो सोडवून घेतला. "तात्यासाहेब, निळी तुम्ही घ्या. नाव घाला आणि बंगल्यापुढं टांगा, चांगली दिसंल. मी हिच्यातच बसणार."

तात्यासाहेब जीपमध्ये बसले आणि खरंच निघून गेले. आमच्या पिशव्या तेवढ्या त्यांनी ड्रायव्हरकडून खाली उतरवून दिल्या. आम्ही तिघं परक्या मुलखात, आवारात उभे. काका डोकं खाजवत होते. मला मनातून तिचा राग आला होता, खोटं कशाला बोलू? इतका ताठा बरा नव्हे, असं मी तिला बोलूनही दाखवलं.

ती माझं ऐकतच नव्हती. मांडणीकडं बघत होती. "मोतीरामभाऊ, तुमच्याकडं मोडक्या किती पडल्यात?"

"ही सोडून अकरा."

"अकराच्या अकरा नीट करून देते. ही मला द्या."

मोतीरामांनी मांडणीवरची एक फुटकी होडी खाली काढली. मग म्हणाले, "आधी एक करून दाखव."

आमचं रोजचं रेझिन असल्या होडीला धरत नाही, एपॉक्सी लागतं. ते त्यांच्याकडं होतं, वापरणारं कुणी नव्हतं. बानानं आधी एका तुटक्या तुकड्यावर करून बघितलं, दुसऱ्या दिवशी तो दगडावर आपटला, आणि मगच होडीला हात लावला. फुटलेल्या भागाची कड घासून पातळ करायची, एकापेक्षा एक मोठे असे कापडाचे तुकडे बसवायचे, वर प्लॅस्टिकचा कागद ताणून जादाचं रेझिन पिळून काढायचं. मी घासायचं काम घेतलं. माझा रुसवा दोन दिवस टिकला, पुढं हातच थांबेनात. काका नोकरीवर परतले.

चौथ्या दिवशी शेडच्या सुपरवायझरचा फोन आला. "उद्या आला नाहीत तर गेट बंद समजा."

बाना हातमोज्यानंच फोन धरून म्हणाली, "बंद करा. काम झालं की येऊ, तेव्हा उघडा."

चौदा दिवसांत अकरा होड्या झाल्या. मोतीरामांनी प्रत्येक होडी पाण्यात घालून बघितली आणि शेवटची बाहेर काढल्यावर म्हणाले, "ने तुझी." बसच्या टपावर बांधून आम्ही ती आणली. शेडचं गेट उघडं होतं. दुष्काळ पडला होता, टाक्यांच्या ऑर्डरी साचल्या होत्या, आणि आमच्यासारखे हात मिळत नव्हते. सुपरवायझर फक्त एवढंच म्हणाला, "पुढच्या वेळी सांगून जा."

होडीच्या नाकाचं काम तिनं सुट्टीच्या दिवशी, केंद्रातून आणलेल्या एपॉक्सीनं केलं. ते जुनं ठिगळ कापून काढलं तेव्हा ते खरोखर दगडासारखं हातात आलं.

फेब्रुवारीत खुली शर्यत झाली, निवड न झालेल्यांनाही उतरता येणारी, तिथंच, नर्मदेवर. नोंदणीच्या टेबलावरच्या मराठी माणसानं न बघताच विचारलं, "नाव?"

"बाहेर ठेवलीय, दाखवू का?" बाना म्हणाली. मागच्या रांगेतली मराठी पोरं हसली.

पण होडी तराजूवर ठेवली आणि तपासनीसानं मान हलवली. सात किलो आठशे पन्नास. दीडशे ग्रॅम कमी. हलक्या होडीला उतरू देता येत नाही. शर्यतीला पाऊण तास होता. सगळ्यांच्या होड्या जड भरतात, म्हणून लोक रडतात. आमची हलकी भरली. तपासनीस म्हणाला, "पुढच्या वर्षी या."

"नियम काय म्हणतो?" बानानं विचारलं. "वजन आठ पाहिजे आणि घट्ट बसवलेलं पाहिजे, एवढंच ना?"

"हो, पण—"

"मग पाऊण तास माझा हाय."

मी वर्कशॉपकडं पळाले. मोतीरामांनी लोखंडी पट्टीचा तुकडा कापून दिला आणि पाच मिनिटांत आवळणाऱ्या गोंदाच्या दोन नळ्या. बानानं पट्टी गुडघ्यांच्या मधे बुडाला बसवली, वर कापड थापलं आणि होडी उन्हात धरून उभी राहिली. दुसऱ्यांदा काट्यावर ठेवली तेव्हा आठ किलो वीस ग्रॅम. तपासनीसानं पट्टी हलवून बघितली. हलली नाही. त्यानं सही केली.

नऊ जणी होत्या. बिभीषणकाका आणि मी काठावर उभे होतो. प्रत्येकीला दोन फेऱ्या, त्यातली चांगली धरतात. पहिल्या फेरीत बाना फक्त एका काठीला लागली. मी काठावरून तिला पळत गाठू शकत नव्हते, इतकी होडी चालली होती. दुसऱ्या फेरीत अकराव्या दाराशी, उलटं वर चढताना, कड पाण्यात रुतली आणि ती उलटली. काका ओरडले, "सोड! बाहेर पड!" होडीचं नुसतं बूड दिसत होतं. एकदा वल्हं वर आलं, बुडालं. दुसऱ्यांदा आलं, बुडालं. तिसऱ्यांदा ती सरळ झाली. तोवर प्रवाहानं तिला दाराच्या बरंच खाली आणलं होतं. फेरी वाया गेली होती, पहिलीच धरली जाणार होती, हे तिला पुरतं ठाऊक होतं. तरी ती वळली, कडेच्या शांत पाण्यातून वर चढली आणि ते दार घेतलं. मग उरलेली सगळी घेतली. एकही सोडलं नाही.

बाहेर आल्यावर काका चिडून म्हणाले, "कशासाठी दम घालवलास?"

"ते दार राहिलं असतं ना काका."

ती पाचवी आली. फलकावर तिच्या नावापुढं जिल्हा लिहिला होता, तेव्हा औरंगाबादच लिहायचे. कुणीतरी मोठ्यानं म्हणालं, "वहाँ पानी कहाँ है?" बाना हेल्मेट काढत होती. म्हणाली, "साल में आठ-दस दिन आता है. उतने में पाँचवीं आई. पूरा साल मिलता तो तुम लोगों का क्या होता?"

पेपरात दोन ओळी आल्या. आठवड्यानं तात्यासाहेब खोलीवर आले, हातात हार आणि छापून आणलेला स्टिकर. झालं गेलं विसरून जाऊ म्हणाले. बानानं त्यांना चहा दिला, हार घेतला. स्टिकर परत केला. "वजन आता बरोबर बसलंय, तात्यासाहेब. वर काय चढवायला नको." ते हसले, पण हसू ओठांपुरतंच होतं. चहा मात्र पूर्ण प्याले.

त्या वर्षी जायकवाडी भरलं. मोतीरामांनी तिला केंद्रात कायमची नोकरी देऊ केली, रोज पाणी, रोज होड्या. तिनं ती घेतली नाही; दर हिवाळ्यात दोन महिने जाते, होड्या दुरुस्त करते, सराव करते आणि परत येते. खेळते ती आपल्याच जिल्ह्याच्या नावानं. त्यावर तिनं कुणाचं ऐकलं नाही, माझंही नाही.

आता तिनं बजाजनगरात भाड्याचा एक गाळा घेतलाय आणि स्वतःच्या होडीवरून साचा काढलाय. फुगवट्यावरच्या तीन पोरी सुट्टीच्या दिवशी तिच्या हाताखाली असतात. त्या साच्यातली पहिली होडी अकरा किलो भरली. तिनं करवतीनं तिचे दोन तुकडे केले आणि पोरींना आतले थर दाखवले. दुसरी दहा भरली, तीही कापली. मी म्हटलं, दहाची काय वाईट आहे, पोरी शिकतील तरी. ती म्हणाली, "रत्नमालाताई, मी दोन वर्षं जड होडीत काढली. ह्यांनी का काढायची?"

काल गेले तेव्हा साच्याला मेण लावून झालं होतं, आणि तिसऱ्या होडीचं कापड चौघी मिळून कापत होत्या.